बातम्यांनी शिकवलेला ‘ळ’

आमच्या चऱ्होलीत टीव्ही आला तेव्हा तो एका घरात असला तरी साऱ्या आळीचा होता. संध्याकाळी त्या घराच्या ओसरीबाहेर चपलांचा ढीग पडे. पडद्यावर मुंग्या आल्या, की कुणीतरी कौलांवर चढून अँटेना सिंहगडाकडे फिरवी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुणे परिसरात दिसू लागलं.

मराठी बातम्या लागल्या, की ओसरी गप्प होई. निवेदकानं ‘नमस्कार’ म्हटलं, की माझी दादी डोक्यावरचा पदर सारखा करून कपाळाकडे हात नेई. तिच्या लेखी तो घरी आलेला पाहुणा होता. हातातल्या कागदावरून नजर उचलून तो आपल्याकडेच बघतो, असं तिला वाटे.

हे पाहुणे होते तरी कोण? विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन. त्यांतले भावे मुलांसाठी कविता लिहिणारे. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी इथंच बातम्या वाचत. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, असं सांगतात. वाहिनी एकच असल्यानं या मोजक्या माणसांचे उच्चार गावोगावी प्रमाण ठरले.

आमच्या घरी दखनी आणि बाहेर गावची मराठी. माझ्या तोंडात ‘ळ’ बसत नसे. ‘फळा’ म्हणायला गेलो, की ‘फला’ होई आणि वर्ग हसे. मग मी बातम्यांच्या मागोमाग पुटपुटू लागलो. बातम्यांत ‘ळ’ला तोटा नव्हता: मंत्रिमंडळ, दुष्काळ, वादळ. वर्षभरात जीभ वळली. पुढे मराठीत कविता लिहिण्याचं धाडस केलं, त्याची पहिली शिकवणी ही. निवेदकांना तिचा पत्ताही नव्हता.

पण याला दुसरी बाजूही आहे. दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या भक्ती बर्वे १९७५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘ती फुलराणी’मुळे घरोघरी पोचल्या. त्यातल्या मंजुळेला शुद्ध बोलायला शिकवतात. ती शिकतेही, पण आता आपण नेमके कुठले, हा प्रश्न तिच्यापुढे उरतो. तोच प्रश्न मलाही पडला. बातम्यांत आमच्यासारखी गावं दिसत ती दुष्काळात नाहीतर पुरात. शेतकऱ्याचे ओठ हलत, ऐकू येई ते निवेदकाचं वाचन. चित्र गावाचं, आवाज स्टुडिओचा.

१९९४ मध्ये स्वतंत्र मराठी वाहिनी आली. तीच पुढे ‘सह्याद्री’ झाली. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ आल्या, नि माईक गल्लीबोळांत फिरू लागला. बाई हंडा घेऊन आपल्याच बोलीत तक्रार सांगू लागली. ही कमाई मोठी. मात्र चोवीस तासांच्या या गलक्यात नमस्काराला उलट नमस्कार करावा, असा पाहुणा हरवला.

१९९७ मध्ये चऱ्होली महापालिकेत गेली. आता कौलं नाहीत, उंच इमारती आहेत. जून २०२२ मध्ये प्रदीप भिडे गेल्याचं कळलं, तेव्हा मला ती ओसरी आठवली, आणि दादीही. ती शेवटपर्यंत ‘दिवाली’च म्हणत राहिली. माझ्या कवितेत तिचं बोलणं येतं, तेव्हा तो ‘ल’ मी दुरुस्त करत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)