बर्फ फोडणारे अणुजहाज

वाचकहो, लांबच्या वाटेला निघालेला बैलगाड्यांचा तांडा डोळ्यांसमोर आणा. वाट ओसाड, चाऱ्याची काडी मिळावयाची नाही. पुढच्या गाडीच्या बैलांचा कडबा संपला, की मागच्या सगळ्या गाड्या तिथेच उभ्या! रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर जहाजांपुढे हाच पेच होता.

युरोप-आशियाच्या माथ्यावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे जाणारी ही वाट सुमारे ५,६०० किलोमीटरांची. नॉर्डेनशील्ड या संशोधकाचे ‘वेगा’ जहाज १८७८ साली सामुद्रधुनीपासून दोन-एक दिवसांच्या अंतरावर बर्फात अडकले, ते सुटले दुसऱ्या वर्षीच्या जुलैत. पुढे मकारॉव्ह या दर्यासारंगाच्या कल्पनेतून ‘येरमाक’ हे बर्फफोडे जहाज तयार झाले. असे जहाज बर्फाला नुसती धडक देते, असे आपल्याला वाटते. तसे नाही बरे का! त्याचे पुढचे टोक उतरते असते. ते बर्फावर चढते आणि आपल्या वजनाने त्याला मोडते. पण त्यासाठी इंजिनाला जोर हवा, आणि जोराला कोळसा हवा. ऐन कामाच्या दिवसांत कोळशासाठी माघारी जायचे, म्हणजे मागची जहाजे वाऱ्यावर सोडायची.

‘लेनिन’ हे जहाज ५ डिसेंबर १९५७ रोजी लेनिनग्राडला पाण्यात उतरले आणि १९५९ च्या अखेरीस कामावर रुजू झाले. लांबी १३४ मीटर, शक्ती ४४,००० अश्वशक्ती. अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ, वाफेवर वीज आणि विजेवर पंखे. एकदा इंधन भरले की वर्षाहून अधिक काळ चिंता नाही. कडब्याचा प्रश्न सुटला!

पण या बैलाला दावणीलाही जपावे लागते. १९६५ साली एका भट्टीतील पाणी निघून गेले आणि इंधनाचा काही भाग वितळला. १९६७ साली पुन्हा गळती झाली. तेव्हा तिन्ही भट्ट्या काढून नोव्हाया झेम्ल्याजवळ समुद्रात बुडविण्यात आल्या, आणि दोन नव्या बसवून जहाज १९७० साली परत आले. जगाला याचा सरकारी तपशील १९९३ साली मिळाला. मला या अपघाताइतकेच हे मौन खटकते.

म्हणून ते जहाज वाया गेले काय? मुळीच नाही. त्याच्या पाठोपाठ आलेले ‘आर्क्टिका’ १७ ऑगस्ट १९७७ रोजी थेट उत्तर ध्रुवावर पोहोचले. पाण्यावरून तेथे गेलेले ते पहिले जहाज. मूरमान्स्क ते दुदिन्का ही वाट पुढे बारमाही झाली आणि नोरिल्स्कचे निकेल हिवाळ्यातही निघू लागले. तरी १९८३ च्या शरद ऋतूत पूर्वेकडे बर्फ लवकर दाटला आणि डझनावारी जहाजे अडकली. अणुजहाजे धावली, बहुतेक जहाजे सुटली. ‘नीना सागायदाक’ मात्र बर्फाच्या दाबाने चिरडून बुडाले. माणसे वाचली.

‘लेनिन’ १९८९ साली निवृत्त झाले. आज ते मूरमान्स्कच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून उभे आहे. जुन्या तीन भट्ट्या अजून समुद्राच्या तळाशीच आहेत.