धमनी बांधणारा धागा

कापलेली धमनी बांधून रक्तस्राव थांबवावा, ही कल्पना युरोपांत जुनीच. सोळाव्या शतकांत फ्रान्समधील आंब्र्वाज पारे यानें तापल्या लोखंडाच्या डागण्या सोडून धाग्याच्या गांठीचा पुरस्कार केला. परंतु गांठ मारली म्हणजे संकट टळलें असें नव्हे. धाग्याचीं टोकें जखमेबाहेर लोंबत ठेवावयाचीं आणि पू होऊन धागा सुटण्याची वाट पाहावयाची, असा परिपाठ होता. धागा सुटतांना कित्येकदां धमनी पुन्हां वाहूं लागे आणि बरा होत आलेला रोगी दगावे.

ग्लासगोचा शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यानें ओळखलें कीं, खरा दोष धाग्यांत मुरलेल्या जंतूंचा आहे. डिसेंबर १८६७ मध्यें त्यानें कार्बोलिक आम्लांत भिजविलेल्या रेशमानें एका घोड्याच्या मानेंतील धमनी बांधली, टोकें आंखूड कापलीं व जखम मिटविली. ती पू न होतां भरून आली. पुढच्याच महिन्यांत तेंच रेशीम एका स्त्रीच्या धमनीस बांधलें; तीही बरी झाली. दहा महिन्यांनीं दुसऱ्याच धमनीच्या विकारानें ती वारली, तेव्हां शवपरीक्षेंत रेशीम शिल्लक असून भोंवतीं पुवासारखा द्रव आढळला. रक्त अडलें होतें; परंतु उपरी वस्तु शरीरानें सामावून घेतली नव्हती.

मग लिस्टरचें लक्ष तांतीकडे वळलें. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लावतात तीच ही आंतड्याची तांत. ३१ डिसेंबर १८६८ रोजीं लंडनजवळ अप्टन येथें, वडिलांच्या घरीं, भाच्याच्या साहाय्यानें त्यानें एका वासराच्या मानेंतील धमनीस दोन गांठी मारल्या : एक बैलाच्या आंतड्याच्या आवरणापासून वळलेल्या दोऱ्याची, दुसरी बारीक तांतीची. महिन्याभरानें वासरूं मारून धमनी तपासली. वरवर पाहतां गांठी तशाच दिसत होत्या. बारकाईनें पाहतां त्यांच्या जागीं जिवंत तंतूंचें कडें तयार झालेलें होतें. धमनी तेथें दुबळी झाली नव्हती.

तरीही काम संपलें नाहीं. तांत कधीं लवकर मऊ पडे, कधीं तिची गांठ निसटे. लिस्टर वर्षानुवर्षें खपला, आणि १८८१ सालीं त्यानें क्रोमिक आम्लानें टिकाऊ केलेली तांत वैद्यांपुढें मांडली. पुढें तिची जागा बव्हंशीं कृत्रिम धाग्यांनीं घेतली. तथापि रक्तवाहिनी मिटविणाऱ्या प्रत्येक नव्या पदार्थाला तेच दोन प्रश्न विचारावे लागतात : रक्त अडतें काय, आणि त्यानंतर शरीर त्या पदार्थाचें काय करतें? पहिल्याचें उत्तर घटकेंत मिळतें. दुसऱ्यासाठीं थांबावें लागतें. त्या थांबण्याची किंमत घोड्यानें आणि वासरानें मोजली, हें विसरूं नये.