‘रामदास’ आणि बिनतारी यंत्राची कळ

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट काश्याच्या खडकानजीक उलटून बुडाली. सहाशेंहून अधिक उतारू प्राणांस मुकले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईस वार्ता कळली ती कित्येक तासांनी, आणि तीही वाचलेल्यांच्या तोंडून. यंत्र असते तर माणसे वाचली असती, असे या प्रसंगासंबंधी नेहमी म्हटले जाते. हे विधान कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१८८८ मध्ये कच्छहून मुंबईस येताना नाहीशी झालेल्या ‘वैतरणा’ बोटीस, तिच्यावरील विद्युद्दीपांमुळे, लोक ‘विजळी’ म्हणत. तिच्यावर वीज होती. परंतु बिनतारी विद्येचा तेव्हा उदयच झालेला नव्हता. ‘रामदास’ची गोष्ट निराळी. ‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर, १९१४ व १९२९ साली, सागरी सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय करार झाले होते. ते करार मात्र परदेशगामी जहाजांपुरतेच होते. बंदरासमोरची दीड-दोन तासांची फेरी त्यांच्या कक्षेत येत नव्हती. विद्या होती, पण तिचा लाभ प्रवासाच्या अंतरावरून ठरत होता, माणसांच्या संख्येवरून नव्हे!

आता यंत्राकडे वळू. त्या काळच्या संचातील निर्वात नलिका प्रथम तापू द्याव्या लागत. मग प्रेषक योग्य कंपनसंख्येवर जुळवावयाचा व मोर्सच्या कळीवर संदेश ठोकावयाचा. हे काम शिक्षित तारायंत्र्याचे. बोलण्याच्या यंत्रासाठी २१८२ किलोसायकल ही संकटाची कंपनसंख्या ठरली, ती योगायोगाने १९४७ च्याच अटलांटिक सिटी परिषदेत. बोलण्याची कळ दाबलेली असेपर्यंत आपला ग्राहक मुका राहतो. कळ सोडल्यावाचून उत्तर ऐकू येत नाही. दुतर्फी म्हणविणारे हे यंत्र एका क्षणी एकतर्फीच असते. काही क्षणांत कलंडलेल्या बोटीवर हे सारे विधी पार पडले असते, असे मला वाटत नाही.

तथापि प्रश्न इतक्यावर मिटत नाही. यंत्र असलेली बोट ठरल्या वेळी रेवसला पोचल्याची वर्दी देते, आणि वर्दी न आल्यास बंदरावरचा माणूस साशंक होतो. अर्थात त्यासाठी पलीकडे कोणी ऐकत असले पाहिजे. ‘टायटॅनिक’जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’वरील यंत्र्या त्या रात्री झोपी गेला होता. पुढे ५०० किलोसायकलवर दर तासाला दोन वेळा तीन-तीन मिनिटे मौन पाळून केवळ ऐकण्याचा नियम झाला, त्यामागे हाच अनुभव होता. ‘रामदास’मधून पाण्यात पडलेल्यांपैकी काहींना त्या भागातील कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले, बंदरातून वेळीच मदत सुटती, तर ही संख्या वाढण्यास निश्चित जागा होती. माझ्या मते प्रचलित विधानातील सत्यांश एवढाच, आणि तो लहान नाही.

आजच्या यंत्रात तारायंत्र्या उरलेला नाही. १ फेब्रुवारी १९९९ पासून जागतिक संकटसंदेश व्यवस्था पूर्णपणे अमलात आली. झाकणाखालची तांबडी कळ काही सेकंद दाबून धरली की ७० व्या वाहिनीवरून संकटाचा इशारा आपोआप जातो. यंत्रास स्थाननिर्देशक जोडलेला असल्यास नौकेचे स्थानही त्यासोबत कळते. पुढचे बोलणे १६ व्या वाहिनीवर. एक कळ मात्र अद्याप माणसाच्या विवेकावर आहे, ती खरखर दाबणारी. खरखर थांबेल इतपतच ती फिरवावयाची असते. कानास शांतता हवी म्हणून तांडेलाने ती अधिक फिरवली, तर दुरून येणारी क्षीण हाकही तीत बुडून जाते.