मोर्तबाच्या खाली

मोडीतले जुने सरकारी पत्र समोर आले की नजर आधी माथ्यावरच्या मोठ्या शिक्क्याकडे जाते. शिवछत्रपतींच्या पत्रांवरची ती अष्टकोनी मुद्रा तर शाळेतल्या मुलांनाही ओळखीची आहे. पायथ्याशी, शेवटच्या ओळीला खेटून उमटवलेला दुसरा लहान ठसा मात्र सहसा कुणी निरखून पाहत नाही. त्यावर दोनच शब्द असतात : 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा झाली, पत्र इथे संपले. पुढच्या काळातल्या अशा ठशांवर 'लेखनसीमा' हा शब्दही सापडतो. या लहान ठशाचे नाव मोर्तब. आज 'मंत्रिमंडळाने निर्णयावर शिक्कामोर्तब केले' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा शिक्का आणि मोर्तब ही एकाच वस्तूची दोन नावे असावीत असे वाटते. तसे नाही. पत्र कुणाचे आहे हे शिक्का सांगतो आणि ते कुठे संपते हे मोर्तब सांगते. या दुसऱ्या कामाची कुळकथा नीट लावली, तर ईमेलला जोडून येणाऱ्या फाइलींतून संगणकात शिरणारे विषारी प्रोग्राम नेमक्या कोणत्या फटीतून येतात हे लख्ख दिसते, असे माझे म्हणणे आहे.

शेवट दाखवायला वेगळा ठसा का लागावा, याचे उत्तर मोडीच्या वळणातच आहे. लेखक आधी ओळभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे लटकवत जातो. दोन शब्दांत जागा सुटत नाही, वाक्य संपल्याची खूण नाही, पूर्णविराम नाही. अशा लिखाणाखाली चार बोटे कोरा कागद राहिला, तर त्याच शाईने, त्याच हाताच्या वळणाने आणखी अर्धी ओळ घालणे मुळीच अवघड नाही. दहा बिघे जमीन इनाम दिल्याचे पत्र असेल तर खाली 'विहिरीसुद्धा' एवढा एकच शब्द पुरे. माथ्यावरचा शिक्का खराच राहतो, वरचा मजकूरही खरा राहतो. खोटी असते ती फक्त शेपटी, आणि खऱ्या शिक्क्याच्या जोरावर तीही खरी ठरते. मोर्तब ही वाट बंद करते. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाखाली एक डकवत, तेव्हा पाठीमागून त्या सांध्यावरही ठसा मारत, तो याच काळजीने : मधला एक बंद काढून दुसरा चिकटवला तर ठसा जुळू नये.

आता 4 मे 2000 या दिवसाकडे येऊ. त्या दिवशी फिलिपिन्समधून निघालेले एक प्रेमपत्र जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचले. सोबत जोडलेल्या फाइलीचे पूर्ण नाव होते 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. विंडोजची सवय अशी की ओळखीच्या प्रकारच्या फाइलीचे शेवटचे आडनाव ती दाखवतच नसे. त्यामुळे पडद्यावर नाव 'टीएक्सटी'पाशी संपले, म्हणजे साधा मजकूर, वाचायला निर्धोक. चिन्हही कागदाच्या गुंडाळीसारखे. खरे नाव मात्र एक टिंब आणि तीन अक्षरांनी पुढे चालू होते आणि ती तीन अक्षरे संगणकाला सांगत होती की हा मजकूर नाही, हा हुकूम आहे, याची अंमलबजावणी कर. वाचणाऱ्याने जिथे शेवट मानला त्याच्या खाली ओळ घातलेली होती. वर्षभर आधी, मार्च 1999 मध्ये, 'मेलिसा' हा व्हायरस वर्डच्या फाइलीतल्या मॅक्रोमधून पसरला होता. त्यातही दिसणाऱ्या मजकुरामागे न दिसणारा हुकूमच होता. इनामपत्राखालची 'विहिरीसुद्धा' आणि हे 'व्हीबीएस' एकाच जातीचे.

पण मोर्तब हा शब्द आला कुठून? 'मोहोर' आणि 'मोर्तब' शेजारीच वावरतात, दोहोंचा संबंध ठशाशी, आणि 'मोर्तबा'तला 'मोर' हा 'मोहोरे'चा तुकडा वाटणे अगदी साहजिक आहे. ही व्युत्पत्ती कानाला पटते, पण 'तब' कुठून आला याचा हिशेब तिच्यापाशी नाही. माझा कौल अरबी 'मुरत्तब'कडे आहे. त्याचा अर्थ रचलेले, क्रमाने लावून पुरे केलेले. रुतबा, मर्तबा आणि आपल्या 'मानमरातबा'तला मरातब ही याच धातूची भावंडे. ध्वनीचा पुरावा तर फारच चोख आहे. परभाषेतला आरंभीचा 'मु' मराठी तोंडात 'मो' होतो : मुफ्तचे मोफत, मुहिमची मोहीम, मुकास्याचा मोकासा. आणि मधले जोडाक्षर सुटे होते, जसे मुकद्दमचा मोकदम. ज्या वाटेने मुकद्दम मोकदम झाला, त्याच वाटेने मुरत्तब मोरतब झाला आणि मधला अकार गळून मोर्तब उरले. जुन्या पत्रांच्या शेवटी 'मोर्तब सुद' असे लिहिलेले आढळते. हे 'सुद' म्हणजे फारसी 'शुद', झाले. तेव्हा 'मोर्तब सुद' हे मुळात एक अख्खे वाक्यच होते : 'मुरत्तब शुद', रचना पुरी झाली. फारसी पोथ्यांच्या शेवटी 'तमाम शुद' लिहीत, त्याचाच हा भाऊ. आधी वाक्य होते, मग ते ठशाच्या शेजारी बसले आणि अखेर ठशालाच त्याचे नाव चिकटले. 'मोहोर'वाल्यांना हे वाक्य काही केल्या सोडवता येत नाही.

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी की ठशावरचा मजकूर संस्कृत आणि ठशाचे नाव अरबी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, मुद्रा संस्कृत झाली, पण कारकुनाच्या तोंडातले मोर्तब हलले नाही. याचा अर्थ ही रीत त्याआधीच दफ्तरात मुरलेली होती. ती कुठल्या दफ्तरात मुरली? आदिलशाहीचे नाव पुढे करणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. शहाजीराजांचा उत्तरकाळ विजापूरच्या चाकरीत गेला आणि तिथल्या वसुली दफ्तरात देशी भाषांचा शिरकाव फार आधीच झाला होता. तरीही मी अहमदनगरची निजामशाहीच धरतो. भोसले घराणे मालोजीराजांपासून त्याच चाकरीत वाढले. शिवाय 1633 ते 1636 या काळात, निजामशाही मोडकळीला आली असताना, शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही घराण्यातल्या लहानग्या मूर्तजाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार चालवला. दुसऱ्याच्या दरबारात चाकरी करणे वेगळे आणि एका राज्याचे दफ्तर स्वतःच्या हाताखाली चालवणे वेगळे. शेवटचा ठसा कुणी आणि कधी मारायचा हे चाकराला नुसते माहीत असते. मालकाच्या जागी बसलेल्याला ते ठरवावे लागते. मोर्तब भोसल्यांच्या घरात आले ते पेमगिरीवरून, असा माझा अंदाज आहे आणि तो मला पक्का वाटतो. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला या शब्दावर तेवढा हक्क सांगता येतो.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप याच जिल्ह्यातून येतो. राघोबादादा 1783 मध्ये वारले ते कोपरगावी, आणि त्यांच्या नावाला चिकटलेली 'ध चा मा'ची कथा मराठीत वाक्प्रचार होऊन बसली आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. लोक सांगतात की राघोबांनी गारद्यांना 'धरावे' असे लिहिले होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले. कथा घडली तशीच आहे की नंतर रचलेली, हा वाद इथे बाजूला ठेवू. आक्षेपासाठी तिची कल्पनाच पुरेशी आहे : इथे शेवटाखाली काही घातलेले नाही. 'रावे' जागच्या जागी आहे, मर्यादा जिथल्या तिथे आहे, बदलले आहे पोटातले एक अक्षर. मग मोर्तबाचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे. मोर्तब कडेची राखण करते, पोटाची नाही. पोटाची राखण करणारी युक्ती माणसाला सापडायला विसावे शतक उजाडावे लागले. संपूर्ण मजकूर एका गणिती चाळणीतून काढायचा आणि त्याचा ठरावीक लांबीचा अर्क घ्यायचा. 'धरावे'चा अर्क आणि 'मारावे'चा अर्क यांचा एकमेकांशी काहीच मेळ बसत नाही. त्या अर्कावर गुप्त किल्लीने सही केली की झाली डिजिटल स्वाक्षरी. तिची कल्पना 1976 मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडली, भारतात 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता मिळाली, आणि आता शेतकऱ्याला सातबाराही तिच्यासह मिळतो.

आता 'ध चा मा' मिटला म्हणून मोर्तबाचे काम संपले, असे कुणाला वाटेल. घडले उलट. अर्क कशाचा काढायचा, कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न तसाच उरला आणि तो प्रश्न मोर्तबाचाच आहे. विंडोजमधल्या सही केलेल्या प्रोग्राममध्ये सही फाइलीच्या शेवटी एका कप्प्यात ठेवलेली असते. सही स्वतःवरच करता येत नाही, म्हणून तो कप्पा अर्कातून वगळावा लागतो. त्या कप्प्यात सहीमागे आणखी काही भरले तरी वरची सही शाबूतच दिसते. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2013 मध्ये यावर कडक तपासणी आणली, पण पुढच्या वर्षी ती सक्तीची न ठेवता ऐच्छिक केली. 2022 च्या जानेवारीत चेक पॉइंट या कंपनीने दाखवून दिले की 'झेड-लोडर' हा विषारी प्रोग्राम चालवणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टचीच सही असलेल्या एका फाइलीच्या त्या कप्प्यात आपला हुकूम लिहून ठेवला होता. शिक्का खरा, मजकूर खरा आणि खाली 'विहिरीसुद्धा'. ईमेलवरच्या डीकेआयएम या सहीतही पत्राची किती लांबी सहीत धरली आहे हे सांगण्याची सोय आहे. ती वापरली तर त्या लांबीपुढे घुसवलेला मजकूर सहीबाहेर राहतो आणि तरी सही जुळते.

मर्यादेची आठवण ईमेलच्या रचनेतही कोरलेली आहे. 11 मार्च 1992 रोजी नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी माइम पद्धतीने पहिले जोडपत्र पाठवले. या पद्धतीत पत्र आणि जोडलेल्या फाइली यांच्यामध्ये एक ठरवलेली अक्षरमालिका येते आणि तिचे नियमातले नाव शब्दशः 'मर्यादा' असेच आहे. प्रत्येक भागाआधी ती दोन आडव्या रेघांनी सुरू होते. शेवटच्या भागानंतर मात्र तिच्या मागेही दोन रेघा जोडल्या जातात. त्या दोन रेघा म्हणजे मोर्तब. त्यांच्या खाली जे काही असेल ते वाचणाऱ्या प्रोग्रामने सोडून द्यावे, असे नियमातच लिहिले आहे.

पेशवे दफ्तराचा आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळेचा काय संबंध, असे कुणी विचारेल. रक्ताचा काहीच नाही. बोरेनस्टाइन यांनी मोर्तब पाहिलेले नसणार. पण नांगर अनेक देशांत वेगवेगळा घडला तरी जमीन फोडण्याची गरज एकच होती, म्हणून आपण त्याची एकच गोष्ट सांगतो. युरोपात पत्रावर लाख लावत ती मुख्यतः घडी बंद करायला, आतले कुणी वाचू नये म्हणून. लेखन कुठे संपते एवढेच सांगायला ठेवलेला हा ठसा दुसऱ्याच जातीचा आहे आणि जोडपत्राचा धोकाही त्याच जातीचा.

प्रतिस्पर्धी कुळ दुसरेच आहे आणि ते फार बलवान आहे : वैद्याचे. 'व्हायरस' हे नाव पडल्यापासून सगळा विचार रोग आणि लस यांच्या भाषेत चालतो. पुण्यात कैलास आणि संजय काटकर यांनी उभा केलेला क्विक हीलसारखा उद्योग याच विचारावर वाढला आणि त्याने लाखो संगणक वाचवले. लस हवीच. पण लस ओळखीच्या रोगावर चालते, आणि जोडपत्राचा डाव रोजच नवा असतो. 2016 च्या मे महिन्यात मंत्रालयातल्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांतल्या दीडशेच्या आसपास संगणकांतल्या फाइली 'लॉकी' या विषारी प्रोग्रामने कुलूपबंद केल्याच्या बातम्या आल्या. हा लॉकी जगभर पसरला तो मुख्यतः बिलाच्या रूपात आलेल्या वर्डच्या फाइलींतून. फाइल उघडल्यावर 'मॅक्रो चालू करा' अशी विनंती येई आणि समोरचा माणूस ती मान्य करी. इथे रोग अंगात शिरला नाही. दफ्तरातल्या माणसाने खालची ओळ वरच्या शिक्क्याच्या भरवशावर मान्य केली. म्हणून 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायचे ठरवले, तो उपाय लसीचा नव्हता, दफ्तराचा होता. अशा फाइलीला विंडोज पाठीमागे एक न दिसणारा शेरा जोडते, त्यात आकडा असतो 3, म्हणजे बाहेरून आलेली. जुन्या पत्राच्या पाठीवर बार केल्याचा, म्हणजे दफ्तरात नोंद झाल्याचा, शेरा असे, तसाच हा.

अलीकडे हेच व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका, वाहतूक चलन किंवा पीएम किसान या नावांनी गावोगाव फिरते. तिथेही नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात, म्हणजे ते अँड्रॉइड फोनवर चढवायचे ॲप असते, आणि पत्रिकेच्या फाइलीला 'एपीके' असण्याचे काहीच कारण नाही. संगणकावर ही शेपटी विंडोज आजही मुळात लपवूनच ठेवते. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून 'शो'वर जाऊन 'फाइल नेम एक्स्टेंशन्स'पुढे एकदा खूण करावी लागते. ती केली की कालपर्यंत 'बिल.पीडीएफ' म्हणून दिसणारी फाइल 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' अशी पूर्ण नावानिशी समोर येते.