महिला कबड्डी लीग

महिला कबड्डी लीग : निवडक महिला खेळाडूंचे संघ बांधून, ठरावीक मोसमात आणि मुख्यतः टीव्हीच्या प्रेक्षकांसाठी भरवली जाणारी कबड्डीची साखळी स्पर्धा. महाराष्ट्रात स्त्रियांची कबड्डी जुनी आहे. अशा लीग मात्र २०१६ पासूनच्या असून त्यांपैकी एकीलाही पुरुषांच्या प्रो कबड्डी लीगसारखे सातत्य अद्याप लाभलेले नाही.

महिलांच्या सामन्यासाठी मैदान १२ × ८ मीटरचे असते, पुरुषांचे १३ × १० मीटरचे. दोन्हीकडे मैदानात खेळाडू सातच असल्याने फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. राखीव क्षेत्र धरून महिला संघाला अंगण मिळते ४८ चौरस मीटरचे, पुरुषांना ६५. चढाईपटूला वळायला जागा कमी आणि कोपरारक्षकाला झेप घ्यायला अंतरही कमी, त्यामुळे चांगल्या महिला संघांच्या खेळात साखळी पकडीला विशेष महत्त्व येते. मध्यरेषेपासून निदानरेषा ३ मीटरवर असते आणि चढाई ३० सेकंदांची. सामना पारंपरिक नियमांनुसार १५ मिनिटांच्या दोन डावांचा. वरिष्ठ गटात वजनाची मर्यादा ७५ किलो आहे. बाद होणे, गडी उठणे, लोणाचे दोन गुण हे सारे पुरुषांच्या खेळाप्रमाणेच.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला झाली, महिलांची १९५५ साली कलकत्त्यात. पुढची अनेक वर्षे महिला कबड्डीचा सगळा डोलारा राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय अजिंक्यपद आणि निमंत्रित स्पर्धा यांवर उभा होता. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीला १९९० साली बीजिंगमध्ये स्थान मिळाले. महिलांना त्यासाठी २०१० च्या ग्वांगझूपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, थांबावे लागले. तेथे आणि २०१४ साली इंचनला भारताने सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली जकार्तात अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले. त्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे होत्या. हांगझू येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये चिनी तैपेईवर २६-२५ अशी निसटती मात करून सुवर्ण परत आले. त्या स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक ठरल्याने एरवी कबड्डीकडे न फिरकणाऱ्या वृत्तपत्रांनीही त्याला पहिले पान दिले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने २०१२ सालचे पाटण्यातील पहिले महिला विश्वचषक विजेतेपद अधिक महत्त्वाचे. दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या विजयी संघातील तिन्ही मराठी खेळाडूंना राज्य शासनाने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. महिला कबड्डीपटूला एवढी रक्कम मिळू शकते, हे तोवर कोणी मनात आणले नव्हते. अभिलाषा म्हात्रे यांना पुढे २०१५ चा अर्जुन पुरस्कारही मिळाला.

पुणे हे या खेळाचे जुने केंद्र. येथील शकुंतला खटावकर यांना सत्तरच्या दशकाअखेरीस अर्जुन पुरस्कार मिळाला. इंचनच्या सुवर्णविजेत्या संघातील किशोरी शिंदे आणि हांगझूच्या संघातील स्नेहल शिंदे या दोघीही पुण्याच्या. राजमाता जिजाऊ संघासारखे महिला संघ शहरात नावाजलेले आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेले बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल मोठ्या सामन्यांचे ठिकाण आहे; पण कात्रज-धनकवडीकडच्या मुलीसाठी ते बाह्यवळण मार्गाने सुमारे २० किलोमीटरवर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पडते. संध्याकाळचा रोजचा सराव तिथे शक्य नसतो. तो घराजवळच्या मंडळाच्या मैदानावरच होतो, आणि म्हणून शहरातील महिला कबड्डी अजूनही संकुलापेक्षा मंडळांच्या बळावर चालते.

लीगचा पहिला प्रयोग प्रो कबड्डीच्या चौथ्या मोसमाला जोडून २०१६ साली झाला. विमेन्स कबड्डी चॅलेंज नावाच्या या स्पर्धेत फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स असे तीनच संघ होते. आइस दिवाजचे नेतृत्व अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होते. हैदराबादच्या अंतिम सामन्यात तेजस्विनी बाई यांच्या स्टॉर्म क्वीन्सने ममता पुजारी यांच्या फायर बर्ड्सला एका गुणाने हरवले. खेळ उत्तम झाला. रचनेत मात्र उणीव होती. संघ कोणत्याही शहराचे नव्हते, त्यामुळे ‘आपला संघ’ म्हणून ओरडायला प्रेक्षकांना आधार नव्हता. २०१४ पासून प्रो कबड्डीतील पुणेरी पलटण संघाने पुण्याच्या नावावर जे मिळवले, ते या तीन संघांना मिळणे शक्यच नव्हते. स्पर्धेचा दुसरा मोसम झाला नाही.

परदेशातील स्त्रियांच्या रोलर डर्बी लीगशी तुलना केली तर फरक उघड होतो. स्केट्सवर खेळल्या जाणाऱ्या या खेळातही एक गुण मिळवणारी खेळाडू, जॅमर, प्रतिस्पर्धी खेळाडूंची भिंत अंगाने फोडत पुढे जाते. चढाईपटूचे काम फारसे वेगळे नाही. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात २००१ नंतर हा खेळ पुन्हा उभा राहिला तो खेळाडू स्त्रियांनी स्वतः चालवलेल्या शहरी लीगमधून. मैदान भाड्याने घेणे, तिकिटे विकणे, पंच तयार करणे हे सारे त्यांनीच केले. पैसा फारसा नव्हता, पण लीग कोणा प्रायोजकाच्या मर्जीवर टिकून नव्हती. मराठी कबड्डीपटूने हा मार्ग धरला नाही, याला कारण आहे. तिच्यासाठी खेळ हा नोकरीचा रस्ता असतो. रेल्वे, पोलीस आणि राज्य शासनातील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांवर घरची गणिते बसतात, आणि या नोकऱ्या राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरीवर मिळतात, लीगमधल्या नाही.

२०१६ नंतरचे लीगचे प्रयोग संघमालकांच्या पद्धतीचे आहेत. जून २०२३ मध्ये दुबईत आठ संघांची विमेन्स कबड्डी लीग झाली. तीत ग्रेट मराठा नावाचा संघ होता; विजेतेपद उमा कोलकाताने मिळवले. एप्रिल २०२५ मध्ये गुरुग्राम येथे झालेल्या ग्लोबल इंडियन प्रवासी कबड्डी लीगमध्ये पुरुषांचे आणि महिलांचे प्रत्येकी सहा संघ एकाच मोसमात खेळले. संघांची नावे शहरांऐवजी भाषांवरून होती. महिलांत मराठी फाल्कन्स हा संघ उतरला होता, आणि तमिळ लायोनेस विजेता ठरला.