ठिणगी आणि थेंब यांमधले सेकंद

१/ ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. तेथील १७ अर्भकांपैकी ७ वाचली, १० दगावली. बहुतेक धुराने गुदमरून. अशा आगीचा निकाल काही मिनिटांत लागतो. ती मिनिटे मोजण्याच्या शास्त्राचा हा इतिहास.

२/ १९व्या शतकात अमेरिकेतील अनेक कापडगिरण्यांच्या छताखाली छिद्रे पाडलेल्या नळ्या असत. आग दिसली की कोणीतरी धावत जाऊन झडप उघडायची. पहारेकरी झोपला, तर नळ्या कोरड्याच.

३/ १८७४ साली न्यू हेवनच्या हेन्री पार्मेली यांनी आपल्या पियानो कारखान्यासाठी स्वयंचलित स्प्रिंकलर तयार केला. उष्णतेने डाख वितळला की पाणी आपोआप सुटे. १८८१ मध्ये फ्रेडरिक ग्रिनेल यांनी त्यात मोठी सुधारणा केली.

४/ चित्रपटांत सर्व तोट्या एकदम उघडतात. प्रत्यक्षात जी पुरेशी तापते, तेवढीच उघडते. हा तपशील पुढच्या हिशेबाचा कणा आहे.

५/ जळत्या तेलावर पाण्याचा प्रवाह टाकला तर पाणी तळाशी जाते आणि तेल वर जळत राहते. बाकू या तेलनगरीत शिक्षक असलेले अलेक्सांद्र लोरान यांनी २०व्या शतकाच्या आरंभी यावर फेसाचा उपाय शोधला. फेस तेलावर पांघरुणासारखा पसरतो आणि ज्वाळेची हवा तोडतो. पुढे हा फोम स्प्रिंकलरच्या नळ्यांतही आला.

६/ त्यासोबत नवा प्रश्न आला. नळ्या आधीच साध्या पाण्याने भरलेल्या असतील, तर ते पाणी बाहेर पडल्याशिवाय फोम तोटीपर्यंत पोहोचत नाही. हा विलंब मोजण्याचे सूत्र सोपे आहे: नळीत मावणारे पाणी भागिले दर मिनिटाचा प्रवाह.

७/ उदाहरणार्थ, आतून १०० मिलीमीटर व्यासाची ५० मीटर नळी. तिच्यात सुमारे ३९३ लिटर पाणी मावते. मिनिटाला ८० लिटर सोडणाऱ्या ४ तोट्या उघडल्या, तर फोम सव्वा मिनिटात येतो. एकच उघडली, तर जवळपास ५ मिनिटे लागतात.

८/ विरोधाभास येथेच आहे. आग लहान आणि आटोक्यात येण्याजोगी असताना तोट्या कमी उघडतात, म्हणून फोम सर्वांत उशिरा येतो. शिवाय प्रवाह फार मंद असला, तर मिश्रणयंत्र पाण्यात फोमद्रव्य योग्य प्रमाणात मिसळू शकत नाही. म्हणून काही ठिकाणी नळ्यांत फोमचे मिश्रण आधीच भरून ठेवतात.

९/ कागदावरचे गणित पुरेसे नसते. गंज, अर्धवट उघडलेली झडप, थकलेला पंप यांची नोंद सूत्रात नसते. म्हणून सर्वांत दूरची चाचणी-झडप उघडून स्टॉपवॉच लावतात. ठरावीक अंतराने नमुने घेऊन, त्यांतील फोमद्रव्य ३ किंवा ६ टक्के, म्हणजे ठरल्याइतके, केव्हा होते ते तपासतात.

१०/ रुग्णालयाच्या कक्षाला फोम लागत नाही, पाणी पुरते. पण कसोटी तीच. यंत्रणा भिंतीवर आहे की नाही, यापेक्षा ती किती सेकंदांत काम करते, हे महत्त्वाचे.

११/ महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. कायदा वेळेची आठवण करून देतो. घड्याळ मात्र माणसालाच लावावे लागते.

१२/ भंडाऱ्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण दगावले.