लगाम धरून चालणारा माणूस

सुट्ट्या जवळ आल्या की एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलांना घोड्यावर बसायचंय, घरात कोणालाच घोडेस्वारी येत नाही, दोन दिवस झाडीत राहता येईल अशी जागा हवी, तर जायचं कुठे? चौपाटीवर पाच मिनिटांची फेरी मारून फोटो काढायचा असेल तर हा प्रश्नच नाही. पण मुलाला घोडा म्हणजे काय ते थोडं तरी कळावं असं वाटत असेल, तर मुंबई-पुण्याकडच्या कुटुंबांना मी माथेरान सांगतो. पाचगणीच्या टेबललँडवर घोडे आहेत, महाबळेश्वरला वेण्णा तलावाशीही आहेत. पण तिथे घोडा करमणुकीसाठी उभा असतो. माथेरानमध्ये तो आजही वाहतुकीचं साधन आहे. माणसं, सामान, गॅसचे सिलिंडर, विटा, सगळं त्यानं वाहिलेलं आहे. रोज चालणारा, वाट पाठ असलेला, गर्दीला न बुजणारा घोडा नवशिक्यासाठी सगळ्यात बरा.

असं गाव उरलं कसं, यालाही एक इतिहास आहे. मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावातून हा डोंगर चढले. त्यांना जागा आवडली, ते पुन्हा आले, नेरळच्या बाजूनं वाट काढली गेली आणि मुंबईच्या गव्हर्नरापासून पारशी शेटजींपर्यंत सगळ्यांचे बंगले इथे उभे राहिले. 1850च्या दशकातच रेल्वे नेरळवरून पुढे गेली. पण नेरळपासून वर सुमारे 800 मीटर उंचीवर जायचं तर पायी, पालखीत किंवा तट्टावर बसून. म्हणजे माथेरान हे 'हिल स्टेशन' साहेबानं शोधलं असं म्हणायचं, पण साहेबाला वर नेलं ते तट्टानं आणि त्या तट्टाचा लगाम धरून पुढे चालणाऱ्या माणसानं. डोंगरावरच्या पॉइंटांना साहेबांची नावं मिळाली. लगाम धरणाऱ्याचं नाव कुठल्याही कड्याला नाही.

एक मुसलमान नाव मात्र माथेरानच्या इतिहासातून पुसता येत नाही. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योगपती. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी उभी केली. खर्च सुमारे 16 लाख रुपये, तोही त्या काळचा. 1907 मध्ये गाडी सुरू झाली. 21 किलोमीटरच्या वाटेत ती इतकी वळणं घेते की डब्यात बसून आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसतं. एका वळणाचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे. गाडी आल्यावर नेरळहून तट्टावर बसून वर येण्याची गरज राहिली नाही. पण वरच्या लाल मातीच्या वाटांवर मोटार आलीच नाही, आणि 2003 मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाल्यावर ती बंदी आणखी पक्की झाली. आजही तुमची गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे बाजारापर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची वाट पायी, शटल रेल्वेनं नाहीतर घोड्यावर.

दस्तुरीवर उतरताच घोडेवाले गराडा घालतात. त्यांच्यात मुसलमान आहेत तसे हिंदूही. बहुतेक पर्यटक त्यांच्याशी दोनच गोष्टी बोलतात, भाव आणि पॉइंटांची संख्या. त्या घाईत एक गंमत निसटते. या माणसाच्या कामाचा सगळा शब्दसंग्रह हा मराठीतला एक जिताजागता दस्तऐवज आहे. लगाम फारसी, जीन फारसी, चाबूक फारसी. रिकीब अरबी. नाल अरबी आणि ती ठोकणारा नालबंद अर्धा अरबी, अर्धा फारसी. खोगीर म्हणजे मुळात घाम टिपून घेणारं. खोगीरभरती करणाऱ्या लेखकांना हे ठाऊक असेलच असं नाही. पागा फारसी, स्वार फारसी. फक्त घोडा तेवढा संस्कृतातून आलेला. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. काम मोठं होतं, पण लगामाला लगामच राहिला. घोड्यावर बसलेल्या माणसाला पडता पडता जो शब्द तोंडात येतो, तो कोशानं बदलत नाही.

आता घोड्याची देखभाल करणाराच शब्द घ्या. मराठेशाहीत त्याला मोतद्दार म्हणत, हिंदुस्थानीत साईस. हा साईस ज्या अरबी धातूतून आला, त्याच धातूतून 'सियासत' आला आहे. जनावराला सांभाळणं, वळण लावणं हा त्या धातूचा जुना अर्थ, राज्य चालवणं हा नंतरचा. आजची सियासत पाहिली की हा शब्द पुन्हा तबेल्यात नेऊन ठेवावा असं वाटतं.

देवाणघेवाण एकाच बाजूनं झाली असंही नाही. बहमनी सुलतान अहमदशहा वली (कारकीर्द 1422 ते 1436) याच्या आश्रयानं शालिहोत्राच्या संस्कृत अश्वशास्त्राचं फारसीत भाषांतर झालं. म्हणजे आपल्याच दख्खनमध्ये. उर्दू-हिंदुस्थानीत घोड्याच्या वैद्याला 'सलोत्री' म्हणतात, तो शब्द या शालिहोत्राच्या नावावरूनच आला. मुसलमान सलोत्री संस्कृत ऋषीचं नाव लावून हिंडत होता आणि मराठा स्वार अरबी रिकिबीत पाय रोवून लढत होता. यात कोणालाच काही विचित्र वाटत नव्हतं.

मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा. या बारगिरांवरूनच 1740च्या दशकात बंगालमध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांना 'बर्गी' नाव पडलं, आणि तिथल्या आया मुलांना निजवताना ते घेऊ लागल्या. त्याआधी निजामशाहीत मलिक अंबरनं हलक्या घोडदळाचं गनिमी युद्ध मोगलांविरुद्ध वापरलं, त्यात मराठे सरदार त्याच्या बरोबर होते. या लढायांना उंचापुरा अरबी घोडा लागत नव्हता. लागत होतं ते भीमेच्या खोऱ्यातलं बुटकं, काटक, थोड्या चाऱ्यावर दिवस काढणारं भीमथडी तट्टू. राज्यगीतात ज्याचा उल्लेख आहे ते हेच. आज ते मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर दिसतं. पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोकरं आणि एखादं पोर. नवशिक्यांसाठी घोडा कसा असावा असं कोणी विचारलं तर मला ते पोर आठवतं. त्याला शिकवणी कोणी दिलेली नसते आणि ते पडतही नाही, कारण जनावर बुटकं, शांत आणि घरचं असतं.

माथेरानमध्येही शिलेदार आणि बारगीर आहेत, ही नावं तिथे कोणी वापरत नसलं तरी. काहींचा घोडा स्वतःचा असतो. काही जण दुसऱ्याच्या घोड्यावर रोजानं काम करतात. हा फरक पर्यटकाला कळला पाहिजे, कारण घोड्याची तब्येत पुष्कळदा त्यावर ठरते. ज्याचा घोडा त्याचाच आहे तो उन्हाळ्याच्या गर्दीतही चौथी-पाचवी फेरी टाळू शकतो. ज्याला मालकाला संध्याकाळी आकडा दाखवायचा आहे त्याला ते जमत नाही. मार्च 2025 मध्ये पर्यटकांची दिशाभूल होते, या तक्रारीवरून गावातल्याच लोकांनी माथेरान बंद ठेवलं होतं. तक्रारीत तथ्य होतं. रेल्वेची शटल आहे, पायी जाता येतं, हे न सांगता लांबचे भाव सांगितले जातात. पण सगळ्या घोडेवाल्यांना एका दोरीत बांधणंही बरोबर नाही.

शहरातला घोडा तर गेलाच. एकोणिसाव्या शतकात मुंबई हे अरबी घोड्यांचं हिंदुस्थानातलं मोठं बंदर होतं. इराणच्या आखातातून गलबतं यायची आणि भायखळ्याच्या बाजूला अरब व्यापाऱ्यांचे तबेले होते. पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले, तेही शर्यतीच्या घोड्यांचे शौकीन. पुढे ऑस्ट्रेलियाचे 'वेलर' घोडे आले, मग मोटार आली. उरली ती व्हिक्टोरिया. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीही बेकायदेशीर ठरवली. त्या घोड्यांचे हाल मी पाहिले आहेत. डांबरावर, उन्हात, रात्री अकरापर्यंत. म्हणून मला त्या निकालाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की जनावराची दया करताना त्याच्या माणसाचं पुढे काय झालं हे फारसं कोणी विचारलं नाही.

ही दया आपल्याकडे बाहेरून आलेली नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला हवं. कुराणातल्या शंभराव्या सूरेचं नावच धावत्या घोड्यांवरून आहे. हदीसमध्ये एका उंटाची हकीकत येते. पैगंबर (स.) मदिनेतल्या एका बागेत गेले, तो उंट त्यांना पाहून रडू लागला. त्यांनी त्याला कुरवाळलं, मालकाला बोलावलं आणि उपाशी ठेवून राबवतोस म्हणून त्याची कानउघाडणी केली. जनावराच्या पाठीचा मिंबर करू नका, म्हणजे त्याच्यावर बसल्या बसल्या गप्पा छाटू नका, असाही आशय एका हदीसमध्ये आहे. पॉइंटावर घोडा उभा करून, पाठीवरून न उतरता अर्धा तास व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी ही हदीस कोणीतरी दस्तुरी नाक्यावर लावायला हवी.

मग कुटुंबानं करायचं काय? आधी घोडा पाहायचा, भाव नंतर. बरगड्या मोजता येत असतील, खोगिराखाली जखम असेल, पाय टाकताना लंगडत असेल, तर दुसरा घोडा. मुलासाठी बुटकं तट्टू मागायचं. मोठ्या माणसांनी स्वतःच्या वजनाचा प्रामाणिक हिशेब करायचा. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं, असा एक सर्वसाधारण नियम सांगतात. तीनशे किलोच्या तट्टाला म्हणजे साठ किलो. आपल्यातले बरेच जण त्यात बसत नाहीत. त्यांनी पायी चालावं, माथेरान चालण्यासाठीच आहे. घोड्याचा परवाना क्रमांक पाहून ठेवावा. पायात बंद बूट, डोक्यावर हेल्मेट. घोडेवाल्याकडे नसेल तर मुलाचं सायकलचं हेल्मेट घरून न्यावं, अगदीच काही नसण्यापेक्षा ते बरं. चढायचं डाव्या बाजूनं. तलवार डाव्या कमरेला असायची म्हणून ही रीत पडली असं सांगतात. रिकिबीत पायाचा पुढचा भागच टाकायचा, टाच खाली, नजर घोड्याच्या कानांमधून पुढे. पाय रिकिबीत आरपार गेला आणि माणूस पडला तर तो फरफटतो, सगळ्यात वाईट अपघात तिथे होतात. आणि दौड नको. मुलं हट्ट धरतील, घोडेवालाही खूश करायला तयार होईल. तरी नको.

नवव्या शतकात अब्बासी खलिफाच्या पागेचा प्रमुख असलेल्या इब्न अखी हिजाम यानं घोडेस्वारीवर अरबी ग्रंथ लिहिला. नवशिक्यानं आधी खोगिराशिवाय बसायला शिकावं, तोल तिथे येतो, असा त्याचा आग्रह होता. सुट्टीतल्या दोन दिवसांत ते जमणार नाही. पण त्यातलं तत्त्व घेता येतं. आठ पॉइंटांच्या फेरीऐवजी सकाळी गर्दी नसताना एका तासाचे पैसे द्या. घोडेवाल्याला सांगा, कुठेही पोचायचं नाही, मुलाला फक्त चालत्या घोड्यावर नीट बसायला शिकवा. लगाम तुमच्या हातात, घोड्याजवळ तुम्हीच. मुलाला आधी घोड्याच्या मानेवर हात ठेवू द्या, त्याचं नाव विचारू द्या. त्या तासाभरात माणूस बदलतो. भाव करणारा घोडेवाला उस्ताद होतो.

पावसाळ्यात जाऊ नका. चिखलात घोडा घसरतो आणि नेरळहून वर येणारी गाडीही त्या दिवसांत बंद असते. घसरण्याचा प्रश्न आता पावसापुरता राहिलेला नाही. वाटांवर मातीचे पेव्हर ब्लॉक बसवले गेले, त्यावर नाल घसरते अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयानं माणसानं ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी ई-रिक्षांचा मार्ग दाखवला. माणसानं माणसाला ओढणं थांबलं, हे उत्तमच झालं. ई-रिक्षाला घोडेवाल्यांच्या संघटनांनी न्यायालयात विरोध केला होता. त्यांच्या पोटापाण्याचं मात्र कोणत्याही आदेशात असं काही ठरलेलं नाही. दस्तुरीपासून बाजारापर्यंतचं भाडं उद्या रिक्षाकडे गेलं, तर त्यांच्याकडे उरेल ती मुलांना शिकवण्याची एक तासाची फेरी. ती मागणारी कुटुंबं सध्या थोडी आहेत.